मोठेपणी काय होणार? "कुत्रा." (प्राण्यांची चित्रपुस्तकं आणि कामधंद्यांची ओळख)

वडगावची बाई

नमस्कार. बेळगावात वडगावला माझी बालवाडी आहे. बालवाडी म्हणजे आमच्या घराचाच पुढचा भाग. तिथे पूर्वी सासऱ्यांचे दोन यंत्रमाग होते. माग विकून ९ वर्षं झाली, खरं फरशीवरचे तेलाचे डाग अजून गेलेले नाहीत. त्यावर सतरंजी टाकून पोरं बसतात. साडेतीन ते सहा वर्षांची १९ पोरं आहेत. निम्म्यांच्या घरी अजून मागाचा खटखटाट चालू आहे. बाकीच्यांत कुणाचे बाबा उद्यमबागेत फौंड्रीत, कुणाची रिक्षा, एकाच्या बाबांचं मटणाचं दुकान, एकीचे आजोबा रविवार पेठेत हमाली करायचे, एकीची आई पौरकार्मिक, म्हणजे सरकारी सफाई कामगार. घरात कुणी मराठी बोलतं, कुणी कन्नड, दोघांच्या घरी उर्दू. माझ्याकडे आल्यावर सगळ्यांची मिळून एक भाषा होते, ती कुठल्याच व्याकरणात बसत नाही.

‘आपले मदतनीस’ हा विषय दरवर्षी असतो. पोलीस, डॉक्टर, पोस्टमन यांचा तक्ता मी लावते आणि पोरं त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. यंदा म्हटलं प्राण्यांचं पुस्तक आणावं. २८० रुपये मोजून जाड पुठ्ठ्याचं एक घेतलं. कुणी काढलंय ते लिहीत नाही, हेतू चांगलाच असणार. १२ पानं, दर पानावर एक प्राणी एक काम करतोय. कुत्रा पोलीस. अस्वल बेकरीवाला. जिराफ रंगारी, त्याला शिडी लागत नाही म्हणून (हे मला स्वतःला फार आवडलं). हत्ती आगीच्या बंबावर, सोंडेनं पाणी मारतोय. मांजर बाई, म्हणजे शिकवणारी. घुबड डॉक्टर. गाढव हमाल. डुक्कर झाडूवाला.

पहिला आठवडा काय सांगू, पोरं जागची हलत नव्हती. तक्त्यापुढे दोन मिनिटं न बसणारी पोरं जिराफाच्या पानावर बोट ठेवून भांडायची. मी मनात खूश.

मग एक दिवस विचारलं, मोठेपणी काय होणार? पहिलंच पोरगं उठलं, "कुत्रा."

मी म्हटलं, "पोलीस म्हणायचंय होय तुला?"

"न्हवं. कुत्रा. पोलीस कुत्राच असतोय की."

सगळे हसलो. घरी नवऱ्याला सांगितलं, तोही हसला. दुसऱ्या दिवशी एक आजी दारात उभ्या. नातीनं आजोबांना जेवायला बोलावताना "ए गाढव, चल" म्हणून हाक मारली होती. आजींना मी पुस्तक दाखवलं, चहा दिला, त्या गेल्या. आजोबा म्हणे स्वतः हसत होते. ते हसले ते बरं झालं, नाहीतर काय उत्तर देणार होते मी.

तिसरी गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. एका पोरानं पौरकार्मिक बाईंच्या मुलीला सगळ्यांसमोर सांगितलं, "तुझी आई डुक्कर." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पुस्तकात तसंच आहे, त्यानं पानावर बोट ठेवून दाखवलं. मुलगी रडली नाही. दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आई आली, कामावरून सरळ, हिरवं जॅकेट अंगातच. म्हणाली, "बाई, ते पुस्तक दाखवा की जरा." उभ्या उभ्या ते पान बघितलं. चित्रातलं डुक्कर हसरं आहे, गळ्यात लाल रुमाल आहे. बराच वेळ बघून म्हणाली, "डुक्कर व्हायला काय अर्ज भरावा लागतोय होय? मी भरलाय. कंत्राटदाराकडे सात वर्षं काढली, मग भरलाय."

पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि गेली. तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कुत्रा कुत्रा म्हणून जन्मतो, डुक्कर डुक्कर म्हणून. पानावर त्याच्या हातात एकदा झाडू दिला की झाडू पण जन्माचाच झाला. आपल्याकडे आडनाव ऐकून बापाचा धंदा सांगणारी माणसं अजून आहेत, त्यात मी हे पुस्तक आणून ठेवलं.

आणि एक राहिलंच. मटणाच्या दुकानवाल्यांच्या पोरानं विचारलं, "आमचे बाबा कुठल्या पानावर?" मी सगळी पानं उलटली. शेवटच्या पानावर किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बोकड बसलाय. आता त्याच गल्लीत मटणाचं दुकान कसं काढणार? मी म्हटलं, उद्या बघू. पोरगं रोज विचारतंय, बघितलं काय?

पुस्तक सध्या कपाटावर आहे. पोरं खाली उभी राहून वर बघतात. प्राण्यांशिवाय त्यांचं लक्ष लागत नाही हेही खरं. कुणी असं काही केलंय का, प्राणीही राहतील आणि हा घोटाळा होणार नाही?

फौजी अनगोळ

बाई, राम राम. मी मराठा सेंटरला भरती झालो आणि सुभेदार म्हणून घरी आलो. शिकवण्यातलं मला काही कळत नाही, मी सांगूलोय ते चुकीचं वाटलं तर सोडून द्या.

कुत्रा होणार म्हणणाऱ्या पोराला कुणी हसू नका. फौजेत कुत्र्याला खरोखरची ड्यूटी असते. आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळचं कुत्रं, लांब तोंडाचं, सडपातळ, त्याची पिल्लं २०१६ साली फौजेनं मेरठच्या केंद्रात शिकवायला नेली. तिथं रिमाउंट व्हेटरनरी कोअरचं सेंटर आहे, कुत्री, घोडी, खेचरं सगळी त्यांच्याकडे. खरं तुमच्या पुस्तकात चूक कुठं झालीय बघा. कुत्रा एकटा पोलीस झालाय. एकटा कुत्रा कधी ड्यूटीवर नसतोय. त्याच्या पट्ट्याचं दुसरं टोक हँडलरच्या हातात असतंय. आमच्या चौकीवर डॉग स्क्वॉड आलं की आधी कुत्र्याचं जेवण व्हायचं, त्याचे पंजे बघून व्हायचे, मग हँडलर बूट काढायचा. पोरांना तो माणूस दाखवा. कुत्र्याच्या नादानं ती बघतील.

लहानपणी आमच्या गावात पत्री मारणारा यायचा. बैल आडवा पाडायचा, पाय बांधायचे, म्हातारा मांडीवर खूर घेऊन बसायचा आणि आम्ही पोरं गोल करून. तो विचारायचा, घोड्याला नाल किती? चार. बैलाला पत्री किती? आम्ही चार म्हणायचो आणि टपली खायचो. बैलाचा खूर दुभंगलेला असतोय, एका पायाला दोन, म्हणून आठ. आजपर्यंत विसरलो नाही. त्या म्हाताऱ्याचं काम मला बैलामुळं कळलं, बैलाला त्याचे कपडे घालून नव्हे.

एक म्हैस घ्या. धार काढणारी आजी, डेअरीत दुधाचं फॅट बघणारा, नंदिनी दुधाचा टेम्पोवाला, सुई मारणारा जनावरांचा डॉक्टर, पेंड विकणारा, शेणी थापणारी, चहाच्या गाड्यावाला. म्हशीला टोपी घालायची काय गरज?

दोन पोरांची आई, टिळकवाडी

सुभेदार काकांनी जे सांगितलं त्याला थोडा अभ्यासाचाही आधार आहे. मी बालमानसशास्त्र शिकले, आता घरी दोन नमुने आहेत त्यांच्यावर प्रयोग चालतात.

टोरोंटो विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ४ ते ६ वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एक गोष्ट वाचून दाखवली. काहींच्या पुस्तकात पात्रं माणसं होती, काहींच्या पुस्तकात कपडे घातलेले प्राणी, गोष्ट तीच. आधी आणि नंतर मुलांना स्टिकर दिले आणि त्यातले दुसऱ्या मुलासाठी किती ठेवतात ते पाहिलं. माणसांची गोष्ट ऐकलेल्यांनी नंतर जास्त दिले. प्राण्यांची गोष्ट ऐकलेल्यांवर तसा परिणाम झाला नाही. त्यातही ज्या मुलांना ते प्राणी माणसांसारखे वाटत होते, त्यांनी जास्त वाटले. म्हणजे प्राण्याकडून आपल्यापर्यंत यायला जो पूल लागतो तो प्रत्येक मुलाकडे तयार असतोच असं नाही.

त्याआधी २०१४ चा एक प्रयोग आहे, त्यात लहान मुलांना माहीत नसलेले प्राणी दाखवले. प्राणी माणसासारखे बोलतात-वागतात अशा भाषेत सांगितलं तेव्हा मुलं त्या प्राण्याबद्दलची खरी माहिती कमी शिकली आणि माणसाचे गुण त्याला जास्त चिकटवायला लागली. तुमच्याकडे उलट्या बाजूनंही झालंय बाई, प्राण्याचे गुण माणसाला चिकटले.

अजून एक बघा. लिंडा गॉटफ्रेडसन नावाच्या बाईंनी १९८१ मध्ये मांडलं होतं की ३ ते ५ वर्षांची मुलं कामाकडे आकार आणि ताकद या नजरेनं बघतात, मोठी माणसं कामं करतात एवढंच, आणि ६ ते ८ ला बाईचं काम, पुरुषाचं काम अशी वाटणी पक्की व्हायला लागते. तुमच्या पुस्तकात मोठे प्राणी कुठल्या कामावर आहेत आणि फ्रॉक-रिबन कुणाला आहे ते एकदा मोजा.

पुस्तकं हवी असतील तर स्टोरीवीव्हर बघा, प्रथम बुक्सचं, २०१५ पासून चालू आहे. मराठी आणि कन्नड दोन्हीत फुकट, छापूनही घेता येतं. एकच गोष्ट दोन्ही भाषांत काढून पोरांपुढे शेजारी शेजारी ठेवता येते, तुमच्यासारख्या वर्गाला बरं. (इथे कुणी कृपा करून सीमाप्रश्न आणू नका, साडेतीन वर्षांची पोरं आहेत.)

वडगावची बाई

मोजलं. हत्ती आगीच्या बंबावर, सिंह बँकेत साहेब, अस्वलाची स्वतःची बेकरी. गाढव आणि जिराफ सोडले तर मोठी जनावरं सगळी मालक, साहेब नाहीतर रुबाबाच्या कामावर. रिबन दोघींना, मांजरबाई आणि स्वयंपाक करणारी कोंबडी. कोंबडी कढईत काय ढवळतीय ते मी आजवर नीट बघितलंच नव्हतं. बघितलं. अंड्याची भुर्जी आहे.

जांबोटीचे गुरुजी

भुर्जी वाचून चहा सांडला.

मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत ३१ वर्षं काढली. आमच्याकडे पोरांना प्राणी दाखवायला पुस्तक लागत नाही, गवे रात्री भातात येतात आणि सकाळी सगळी शाळा ठसे बघत येते. पण कामधंद्यासाठी मी पक्षी वापरायचो. आपल्या भाषेनं ते आधीच करून ठेवलंय. सुतार पक्षी झाड टोकरतो. शिंपी पानाच्या कडा टाचून त्यात घरटं करतो. तांबट पिंपळावर बसून टुक टुक टुक करतो, तांब्याच्या हंड्यावर हातोडी पडावी तसा, न थकता. खाटीक पक्षी नाकतोडा पकडून बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो, दुकानात अडकवल्यासारखा. तुमच्या त्या पोराला हा दाखवाच! कोतवाल आपल्यापेक्षा मोठ्या कावळ्याला हाकलतो, घारीच्याही मागे लागतो, म्हणून बाकीची पाखरं त्याच्या झाडाला घरटी करतात. परीट पाण्याकाठी शेपूट आपटत फिरतो. कोळी जाळं टाकतो. कुंभारीण माशी चिखलाची गाडगी करते. कन्नड पोरं असली की मी त्यांचं नाव विचारायचो. सुताराला ती मरकुटिग म्हणतात, मर म्हणजे झाड. सुगरणीला गीजग.

सुगरणीवर तर मी आठवडा काढायचो. नंदगडकडे भाताच्या बांधावर शिंदीच्या झाडाला खोपे लोंबतात. पावसाळ्यात पोरांना झाडाखाली गप्प बसवायचो. तो चोचीनं भाताच्या पात्याची कड धरतो, एक झटका देतो आणि लांब सुतासारखी चीर काढून उडतो. फांदीला गाठ मारतो, मग कडं, मग कड्यावर घंटेसारखा अर्धा खोपा. तिथं थांबतो आणि पंख फडफडवून ओरडायला लागतो. आता मादी येते. आत बसते, ओढून बघते, लटकून बघते. पसंत पडला तर पुढचं नळकांडं विणून होतं. नापसंत झाला तर अर्धा खोपा तसाच झाडाला राहतो.

तुमच्या लक्षात आलं ना? नाव आपण सुगरण ठेवलं आणि विणणारा आहे नर. ही गोष्ट वडगावात सांगायला काय बहार येईल. घरी बाप मागावर आणि आई कांड्या भरणारी, हो ना?

निपाणीची सून

गुरुजी, वर्णन वाचून मलाच झाडाखाली बसावंसं वाटलं. तरी एक विचारते. सुतार, शिंपी, तांबट, खाटीक, परीट, कोळी, कुंभार. ही पक्ष्यांची यादी झाली की जातीच्या दाखल्याची? बाईंची अडचणच ही आहे की जन्म आणि धंदा पोरांच्या डोक्यात एक झाला. तुमचा शिंपी तर अंड्यातून बाहेर येतानाच शिंपी.

माझ्या सासूबाईंनी बिड्या वळल्या. निपाणीत घरोघर तेच होतं. पानं भिजवायची, पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं कापायची, चिमटीनं तंबाखू घालून वळायची, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. पंचवीसचा एक कट्टा. बोलताना, भांडताना, टीव्ही बघताना हात चालूच. हजार झाल्या की मजुरी. त्यातून तीन पोरं शिकवली. कुठला पक्षी बिडी वळतो सांगा बघू? आमच्या सासूबाई कुठल्याच पुस्तकात येत नाहीत, आणि आल्या नाहीत तेच बरं, नाहीतर कुठलं जनावर दिलं असतं कोण जाणे. आता त्यांना मांडी घालून बसता येत नाही आणि खोकला कायमचा. नातवाला त्यांनी वळायला कधी शिकवलं नाही, मागितली तरी कात्री हातात दिली नाही.

जांबोटीचे गुरुजी

बरोबर पकडलंत. ३१ वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही, आणि माझ्या वर्गात या सगळ्या आडनावांची पोरं होती. बहुतेक विचारायचं धाडस झालं नसेल.

माझ्या बाजूनं एवढंच सांगतो. पोरांना मी एक प्रश्न घालायचो: शिंपी पाखराला शिवायला कुणी शिकवलं? कुणी नाही. तुझ्या मावशीला? मग पोरं सांगायची, शिवणक्लासला जायची, सुई बोटात गेली होती, पहिलं झबलं उलटं शिवलं होतं. तिथं पाखरू आणि माणूस वेगळे व्हायचे. पण हा प्रश्न मी दरवेळी घालत होतो काय? नाही. घाई असली की नुसती नावं पाठ करून घ्यायचो.

अथणीकर

मी चप्पल करतो. आजोबा करत होते, वडील करत होते, म्हणून वरचं वाचताना जरा हललो. निपाणीच्या ताईंनी सांगितलं ते आमच्या घरचंच आहे.

मला मटणवाल्यांच्या पोराचा प्रश्न महत्त्वाचा वाटतोय. प्राण्यांच्या पुस्तकात त्याचे बाबा येऊच शकत नाहीत. मी पण येऊ शकत नाही. गाय गिऱ्हाईक म्हणून माझ्या दुकानात आली तर मी तिला काय दाखवू? तळ म्हशीच्या कातड्याचा आहे म्हणून सांगू? तिथं कसाई नाही, चांभार नाही, मासे विकणारी नाही, ढोल मढवणारा नाही. जनावराच्या अंगाला हात लावून पोट भरणारी सगळी माणसं त्या गावातून गायब. गाव गोड दिसतंय ते त्याच्यामुळं.

माझ्या पोराला मी सरळ दाखवतो. कातडं कच्चं असतं तेव्हा कसं असतं, वास कसा येतो. बाभळीची साल आणि हिरडा घातलेल्या पाण्यात कमावल्यावर त्याचा रंग कसा फिरतो. कोल्हापुरीत खिळा नसतो, चामड्याच्या वादीनंच शिवतात. वरची वेणी आमच्याकडे बायका घालतात, त्यांच्या बोटांकडे बघितलं तर तुमच्या गुरुजींची सुगरण विसराल. २०१९ मध्ये या चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे ठराविक भागातल्या मालाचीच ती ओळख) मिळाला, तो महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. भांडायला सीमेवर बाकी पुष्कळ आहे, चप्पल तेवढी दोन्हीकडची.

पोरानं करावं की नाही ते तो ठरवेल. सध्या त्याला जेसीबी चालवायचाय. जेसीबीला कुठला प्राणी देणार बोला.

दोन पोरांची आई, टिळकवाडी

जेसीबी हाच प्राणी आहे. माझ्या घरी विचारा.

वडगावची बाई

मंडळी, उशिरा लिहितेय, मधे गणपती झाले.

सगळ्यांचं वाचून एक दिवस दुपारी मी कात्री घेतली आणि पुस्तक फाडलं. पुस्तकाला पाय लागला तर अजून नमस्कार करणारी बाई आहे मी, पहिलं पान कापताना हात अडला. बाराही प्राणी कापून वेगळे केले. त्यांच्या हातातल्या वस्तू वेगळ्या कापल्या. गल्लीत साड्यांची खोकी मिळतात, त्यांच्या पुठ्ठ्यावर चिकटवलं. प्राणी एका टोपलीत, वस्तू दुसऱ्या टोपलीत. वस्तू कमी पडल्या म्हणून नवीन काढल्या: मागाचा धोटा, फौंड्रीतला मोठा चमचा, तराजू, हातमोजे, चपलेचा साचा, आणि अथणीकर, एक जेसीबी. बिडीचा फर्मा पण काढला होता, मग ठेवून दिला. निपाणीच्या ताईंची सासूबाई नातवाला कात्री देत नव्हत्या ते आठवलं.

पहिल्या दिवशी मी काहीच सांगितलं नाही. घ्या म्हटलं. सिंहाच्या हातात धोटा गेला. डुक्कर डॉक्टर झालं. "तुझी आई डुक्कर" म्हणणाऱ्या पोरानं जिराफाला स्टेथोस्कोप दिला आणि मग काढून घेतला, म्हणाला, ह्याला खाली वाकता येत नाही, पेशंट वर चढणार काय? चांगली पाच मिनिटं त्यावर चर्चा चालली, तीन भाषांत. मटणाच्या दुकानवाल्यांच्या पोरानं तराजू घेतला तो कुठल्याच प्राण्याला दिला नाही. स्वतःच धरून बसला. मी विचारलं, दे की कुणाला तरी. म्हणाला, "नको. हे बाबांचं आहे." मी पण मग आग्रह केला नाही. अथणीकरांचं पटलं म्हणूनच.

ती मुलगी झाडू घेऊन बराच वेळ टोपलीत बघत होती. शेवटी हत्तीला दिला. आगीचा बंब चालवून झाल्यावर रस्त्यावर पाणी साठतं, ते कुणी काढायचं, असं तिचं म्हणणं.

तिच्या आईला मी विचारलं, एक दिवस येऊन पोरांना काम सांगाल का? आधी नको म्हणाली. मग म्हणाली येते, शनिवारी बारानंतर, सकाळी हजेरी असते. येताना ढकलगाडी आणणार, ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा कसा करायचा ते पोरांकडून करून घेणार. तिची एकच अट: कुणी टाळ्या वाजवायच्या नाहीत. का म्हणून मी विचारलं नाही.

सुभेदार काका, हँडलरचा फोटो मिळवून लावला. कुत्रा होणाऱ्या पोराला दाखवला, म्हटलं बघ, कुत्र्याबरोबर हा माणूस असतो, तुला हा होता येईल. त्यानं नीट बघितलं. मग म्हणाला, ह्यानं पट्टा धरलाय, मला पळायचंय. अजून कुत्राच.

गुरुजी, एक काम आहे. खोपा पोरांना हातात धरून बघायचाय. झाडावरून काढायचा नाही, पडलेला कुठे मिळाला तर खानापूरहून बेळगावला येणाऱ्या कुणाकडे तरी द्याल काय?

जांबोटीचे गुरुजी

दोन आहेत माझ्याकडे, परवाच्या वाऱ्यात पडलेले. एक पूर्ण, नळकांड्यासकट. दुसरा अर्धाच आहे, मादीला पसंत न पडलेला. कुठला पाठवू?

वडगावची बाई

अर्धा. कुठवर आला होता ते पोरांना बघू दे.